हुजूर, मजूर आणि उरलेले

ब्रिटनमधील कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लेबर या दोन पक्षांना मराठी वृत्तपत्रांनी ‘हुजूर’ आणि ‘मजूर’ अशी यमक साधणारी नावे दिली. ही नावे केवळ कानाला गोड नव्हती, त्यांत त्या काळचे समाजशास्त्रही होते. खाणी, गोद्या आणि गिरण्यांतील कामगार एका बाजूला, तर जमीनदार, व्यापारी आणि सुखवस्तू मध्यमवर्ग दुसऱ्या बाजूला, अशी मतदारांची ढोबळ वाटणी दीर्घकाळ टिकून होती. 1951 च्या निवडणुकीत या दोन पक्षांना मिळून जवळजवळ 97 टक्के मते पडली होती. जुलै 2024 मध्ये केअर स्टार्मर पंतप्रधान झाले, त्या निवडणुकीत हाच आकडा 57 टक्क्यांवर आला. नव्या सरकारपुढील आणि त्याच्या विरोधकांपुढीलही बहुतेक अडचणींचे मूळ या दोन आकड्यांमधील अंतरात सापडते.

हे अंतर एका रात्रीत पडलेले नाही. मार्गारेट थॅचर यांच्या काळात, विशेषतः 1984-85 चा खाणकामगारांचा संप मोडल्यानंतर, मजूर पक्ष ज्या संघटित कामगारवर्गावर उभा होता तो वर्गच आक्रसत गेला. टोनी ब्लेअर यांनी उत्पादनसाधनांच्या सामाजिक मालकीचे ध्येय 1995 मध्ये पक्षाच्या घटनेतून काढून टाकले आणि शहरी, सुशिक्षित मध्यमवर्गाला पक्षाची दारे उघडली. 1997 मध्ये त्याचे फळ 418 जागांच्या रूपाने मिळाले, पण जुन्या औद्योगिक गावांशी असलेले नाते त्याच वेळी सैल होऊ लागले. 23 जून 2016 च्या सार्वमतात 51.9 टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा ते नाते किती सैल झाले आहे हे सर्वांना दिसले. 2019 मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली हुजूर पक्षाने उत्तर इंग्लंडमधील मजूर पक्षाचे जुने गड घेतले. एकेकाळी ब्लेअर यांचा मतदारसंघ असलेला सेजफील्डही त्यांत होता. म्हणजे मजुरांची मते हुजुरांकडे आणि विद्यापीठीय शहरांची मते मजुरांकडे, अशी आपल्या मराठी नावांची पुरती उलथापालथ झाली.

या पार्श्वभूमीवर 2024 चा निकाल वाचावा लागतो. मजूर पक्षाला 650 पैकी 411 जागा मिळाल्या, मात्र मते मिळाली 33.7 टक्के. एकट्या पक्षाने बहुमत मिळवावे आणि मतांचा वाटा इतका कमी असावा, असे युद्धोत्तर काळात कधी झाले नव्हते. जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली 2019 मध्ये पक्षाचा दारुण पराभव झाला, तेव्हा त्याला सुमारे 1 कोटी 3 लाख मते होती. स्टार्मर यांच्या प्रचंड विजयात ती 97 लाखांपर्यंत खाली आली. मतदानही जेमतेम 60 टक्के झाले. तेव्हा ही लाट नव्हती. हुजूर पक्षाचा मतदार चहूबाजूंनी पांगला आणि त्याचा लाभ जिथे दुसऱ्या क्रमांकावर जो होता त्याला झाला.

सर्वाधिक मते ज्याला तो विजयी, ही पद्धत आपल्याकडेही तिथूनच आली असल्याने भारतीय वाचकाला यात फारसे आश्चर्य वाटणार नाही. 2014 मध्ये भाजपने 31 टक्के मतांवर 282 जागा मिळवल्याच होत्या. ब्रिटनमध्ये या पद्धतीचा फटका मुख्यतः तिसऱ्या पक्षाला बसत आला. 1983 मध्ये सोशल डेमोक्रॅट आणि लिबरल यांच्या आघाडीला 25.4 टक्के मते पडूनही जागा 23 च मिळाल्या, तर मजूर पक्षाला 27.6 टक्क्यांवर 209 मिळाल्या. ही पद्धत बदलण्याचा प्रस्ताव 2011 च्या सार्वमतात मोठ्या फरकाने फेटाळला गेला, कारण दोन्ही मोठ्या पक्षांतील अनेकांना तिचा आधार वाटत होता. मात्र मते चार-पाच वाटांनी विभागली जाऊ लागली की हाच आधार दगा देऊ शकतो. लिबरल डेमोक्रॅटांनी मते जिथे उपयोगी पडतील तिथेच जोर लावण्याची विद्या आत्मसात केली, आणि 2019 मध्ये 11.5 टक्के मतांवर 11 जागा मिळालेल्या या पक्षाला 2024 मध्ये 12.2 टक्क्यांवर 72 जागा मिळाल्या.

मतांचा पाया उथळ असलेल्या सरकारच्या हाती तिजोरीही रिकामीच आली. बाजाराची धास्ती ही मजूर पक्षाची वडिलोपार्जित व्याधी म्हणावी लागेल. 1976 मध्ये जेम्स कॅलहन यांच्या सरकारला पौंड सावरण्यासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला होता, आणि ती आठवण पुढे दोन दशके पक्षाची पाठ सोडत नव्हती. 2010 नंतर हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आणि अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी खर्चकपातीचे धोरण अवलंबले. त्याची सर्वाधिक झळ स्थानिक परिषदांना बसली. सप्टेंबर 2023 मध्ये बर्मिंगहॅमच्या नगरपरिषदेने आपण प्रत्यक्षात दिवाळखोर असल्याचे जाहीर केले, त्याला परिषदेच्या स्वतःच्या चुकाही कारणीभूत होत्या. इतकी कपात होऊनही आर्थिक संकट आणि कोविड यांमुळे सार्वजनिक कर्ज वाढतच गेले आणि देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास पोहोचले.

त्यात सप्टेंबर 2022 मध्ये लिझ ट्रस यांच्या सरकारने सुमारे 45 अब्ज पौंडांची करकपात, तरतुदीचा हिशेब न मांडता आणि सरकारी जमाखर्चाचे स्वतंत्र अंदाज बांधणाऱ्या अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाला बाजूला सारून जाहीर केली. सरकारी रोख्यांचा बाजार कोसळला आणि ट्रस यांची कारकीर्द 49 दिवसांत संपली. गंमत अशी की हे कार्यालय ऑस्बर्न यांनीच 2010 मध्ये स्थापन केले होते आणि आज ते मजूर पक्षाच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांच्या मानेवर बसलेले आहे. ट्रस यांचा दाखला ताजा असल्यामुळे या कार्यालयाचे आकडे झुगारण्याची हिंमत कोणात नाही. जाता जाता हुजूर सरकारने कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या राष्ट्रीय विम्याच्या दरात दोन टप्प्यांत चार टक्क्यांची घट केली होती. ती उलटवणार नाही, शिवाय आयकर आणि मूल्यवर्धित कर वाढवणार नाही, असे वचन मजूर पक्षाने निवडणुकीपूर्वी देऊन टाकले. मते मिळवण्यासाठी ते सोयीचे असेल, पण राज्य चालवण्याचे बहुतेक मार्ग त्याने आधीच बंद केले.

मग उरले ते आडवळणाचे उपाय. 29 जुलै 2024 रोजी रीव्ह्ज यांनी 22 अब्ज पौंडांची तूट दडवून ठेवल्याचा आरोप मागील सरकारवर केला आणि वृद्धांना थंडीतील इंधनासाठी मिळणारे साहाय्य बहुसंख्यांसाठी बंद केले. बचत किरकोळ होती, रोष मात्र देशभर पसरला, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये निर्णय बव्हंशी मागे घ्यावा लागला. ऑक्टोबर 2024 च्या अर्थसंकल्पात मालकांकडून घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय विम्याचा दर 13.8 वरून 15 टक्के झाला, तेव्हा उद्योजकही बिथरले. जुलै 2025 मध्ये अपंगत्व भत्त्यातील कपात पक्षाच्याच शंभराहून अधिक खासदारांनी विरोध केल्यामुळे, सभागृहात चर्चा चालू असतानाच सोडून द्यावी लागली. 400 हून अधिक खासदारांचे सरकार इतके हतबल कसे होते, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर असे की यांतील अनेक खासदार थोड्या मताधिक्याने निवडून आलेले आहेत आणि पक्षाच्या आज्ञेपेक्षा आपल्या मतदारसंघाची काळजी त्यांना अधिक आहे.

विरोधकांची स्थिती याहून बरी म्हणता येत नाही. हुजूर पक्ष 121 जागांवर आला, हा त्याच्या इतिहासातील नीचांक आहे. कॅमेरॉन यांचा विटनी आणि थेरेसा मे यांचा मेडनहेड लिबरल डेमोक्रॅटांनी घेतला, तर ट्रस स्वतः मजूर उमेदवाराकडून हरल्या. देशभरात हुजूर पक्षाने नव्याने जिंकलेली जागा एकच, ती म्हणजे लेस्टर पूर्व. मूळच्या गोव्यातील कुटुंबात जन्मलेले कीथ वाझ तिथे 1987 पासून तीन दशकांहून अधिक काळ मजूर पक्षाचे खासदार होते. या खेपेस ते ‘वन लेस्टर’ या छोट्या पक्षातर्फे उभे राहिले आणि मजुरांच्या मतफुटीत भर पडली. नोव्हेंबर 2024 मध्ये नेतेपदी आलेल्या केमी बेडनॉक यांच्यापुढील पेच दुहेरी आहे. दक्षिणेतील सुखवस्तू मतदार परत आणायचा तर सौम्य बोलावे लागते आणि उजव्या विचारांच्या रिफॉर्म यूके पक्षाचे नेते नायजेल फराज यांच्याकडे गेलेला मतदार परत हवा असेल तर कठोर.

फराज यांचा पक्ष हा या कथेतील सर्वात जुना नवखा आहे. त्यांचा आधीचा पक्ष, युरोपीय संघाला विरोध करणारा यूकिप, 2015 मध्ये 12.6 टक्के मते मिळवूनही क्लॅक्टन या एकाच जागी विजयी झाला होता. त्याच क्लॅक्टनमधून, आठव्या प्रयत्नात, 2024 मध्ये फराज कॉमन्स सभागृहात पोहोचले. रिफॉर्म यूकेला 14.3 टक्के मतांवर पाचच जागा मिळाल्या, परंतु 98 ठिकाणी हा पक्ष दुसरा आला आणि त्यांपैकी 89 जागा मजूर पक्षाच्या होत्या. मे 2025 मधील स्थानिक निवडणुकांत त्याने दहा परिषदा घेतल्या. त्या निकालांवरून बीबीसीने काढलेल्या देशव्यापी अंदाजात रिफॉर्मला 30, मजूर पक्षाला 20 आणि हुजूर पक्षाला 15 टक्के मते दाखवली होती, म्हणजे जुन्या दोघांची बेरीज 35. त्याच दिवशी रनकॉर्न आणि हेल्स्बीमध्ये पोटनिवडणूक झाली. जेमतेम दहा महिन्यांपूर्वी मजूर पक्षाने ती जागा 14 हजारांहून अधिक मतांनी जिंकली होती, या वेळी ती सहा मतांनी गेली.