मालक गेल्यावर विश्वस्ताला जाब कोण विचारणार?

ट्रस्ट म्हणजे दुसऱ्यांच्या फायद्यासाठी विश्वस्ताच्या हाती सोपवलेली मालमत्ता. ट्रस्ट करणाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याचा कारभार हाती घेणाऱ्या विश्वस्ताला आज बरंच काही करावं लागतं. मालमत्ता ताब्यात घ्यायची, देणी आणि कर भागवायचे, लाभार्थींना कळवायचं, ट्रस्टचा पैसा स्वतःच्या पैशात मिसळू द्यायचा नाही. ही बंधनं कुणी एका बैठकीत लिहून काढलेली नाहीत. ज्याने विश्वास टाकला तोच हयात नसेल तर जाब कोण विचारणार, या प्रश्नापायी ती एकेक करून आली.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सर्वसाधारणपणे जमीन मृत्युपत्राने देता येत नसे. वारस अज्ञान असला, तर तो सज्ञान होईपर्यंत उत्पन्न बहुधा वरच्या सरंजामदाराच्या घशात जाई. म्हणून जमीनदार जिवंतपणीच जमीन भरवशाच्या मित्रांच्या नावे करत आणि आपल्यामागे बायकोला काय, धाकट्यांना काय, हे सांगून ठेवत. मित्र फिरला तर? कागदावर नाव त्याचं, म्हणून इतर न्यायालयांच्या लेखी मालकही तोच. मग घरचे चॅन्सेलरकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या राजाच्या बड्या अधिकाऱ्याकडे, धाव घेत. पंधराव्या शतकात त्याचं चॅन्सरी कोर्ट अशा मित्राला बजावू लागलं होतं, की नाव तुझं असेल, फायदा तुझा नाही. १५४० मध्ये जमिनीचं मृत्युपत्र करायची मुभा मिळाली, तरी ही व्यवस्था टिकली.

स्वतःचा फायदा करून घ्यायचा नाही, हे बंधन किती कडक असावं ते १७२६ मध्ये ठरलं. रोमफर्डच्या बाजाराचा भाडेपट्टा एका अज्ञान मुलासाठी विश्वस्ताकडे होता. मुदत संपताना विश्वस्ताने मुलासाठी नूतनीकरण मागितलं. पट्टा देणाऱ्याने नकार दिला, तेव्हा विश्वस्ताने तो स्वतःसाठी घेतला. मुलाला तर तो मिळणारच नव्हता, मग बिघडलं काय? लॉर्ड चॅन्सेलर किंग यांनी तरीही पट्टा मुलाला द्यायला लावला, नफ्याच्या हिशेबासकट. अवघ्या जगात मनाई फक्त विश्वस्तालाच, हे कठोर वाटेल हे त्यांनी मान्य केलं, पण सूट दिली नाही. मला हा निकाल आजही पटतो. विश्वस्ताने मुलासाठी जीव तोडून प्रयत्न केला की नुसता विचारल्यासारखं केलं, हे बाहेरच्याला कसं कळणार?

गुंतवणुकीचा प्रश्न मॅसॅच्युसेट्समध्ये सुटला. जॉन मॅक्लीन यांनी ५०,००० डॉलर ट्रस्टमध्ये ठेवले होते. उत्पन्न पत्नीला, तिच्यानंतर मुद्दल हार्वर्ड कॉलेज आणि एका रुग्णालयाला. विश्वस्तांनी पैसा शेअरमध्ये गुंतवला होता; शेअर घसरले आणि संस्थांनी दावा लावला. काहीही केलं तरी मुद्दलाला धोका असतोच, असं १८३० च्या निकालात न्यायमूर्ती पटनम यांनी म्हटलं. शहाणा माणूस स्वतःचा पैसा कायमचा गुंतवताना जेवढं जपतो, तेवढं विश्वस्ताने जपावं. विश्वस्तांवर नुकसानीची जबाबदारी आली नाही.

१८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमात हीच तत्त्वं कलमांत बसली: कलम १५ मध्ये काळजी, १७ मध्ये निःपक्षपात, १९ मध्ये हिशेब. माझ्या मते यात हिशेब सर्वांत मोलाचा, कारण तो नसेल तर बाकीची बंधनं मोडल्याचं कळतच नाही.

अमेरिकेत हयातीतच केलेला, हवा तेव्हा रद्द करता येणारा ट्रस्ट रुळल्यावर नवी अडचण आली. तो करणारा जिवंत असतो तोवर विश्वस्त त्यालाच उत्तरदायी. त्याचा मृत्यू झाला की ट्रस्ट पक्का होतो, म्हणजे रद्द करता येत नाही, आणि उत्तर लाभार्थींना द्यावं लागतं. पण अनेकांना आपण लाभार्थी आहोत हेच ठाऊक नसतं. म्हणून तिथल्या राज्यांसाठी २००० साली तयार झालेल्या नमुना संहितेत, ट्रस्ट पक्का झाल्याचं समजल्यापासून ६० दिवसांत विश्वस्ताने पात्र लाभार्थींना स्वतःहून कळवावं आणि पुढे वर्षातून किमान एकदा हिशेब पाठवावा, असं घातलं गेलं.