रॉय मॉडेलमधलं ‘अनुकूलन’ आणि आपलं ‘जुळवून घेणं’

रॉय मॉडेल म्हणजे आजारपणातल्या बदलांना माणूस कसा प्रतिसाद देतो आणि नर्सने त्यात कशी मदत करायची, याची कॅलिस्टा रॉय यांनी केलेली मांडणी. त्यातले अनुकूलनाचे चार प्रकार नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात, ते इथे पुन्हा सांगत नाही. घोळ आहे तो ‘अ‍ॅडॅप्टेशन’ या शब्दाचा. पुस्तकात त्याला अनुकूलन म्हणतात, पण वॉर्डात शिकवताना तोंडी येतं ‘जुळवून घेणं’. हेच शब्द आपण सासरी निघालेल्या मुलीला ऐकवत आलो आहोत. त्यात ‘गप्प राहा, सोस’ हे न बोलता येतंच.

सुरुवात १९६४ची, लॉस एंजेलिसमधली. नर्सिंगचं ध्येय नेमकं काय, हा प्रश्न पदव्युत्तर वर्गात एका प्राध्यापिकेने टाकला. बालरोग वॉर्डात काम केलेल्या एका तरुण ननला, म्हणजे कॅलिस्टा रॉयला, आठवली ती मोठ्या आजारातूनही भराभर सावरणारी मुलं. १९७० मध्ये तिचा लेख आला, १९७६ मध्ये पुस्तक. चार प्रकार निघाले ते रुग्णांच्या वागण्याच्या सुमारे ५०० नोंदींतून, आणि त्या नोंदी विद्यार्थिनींनी केल्या होत्या. मॉडेलचा हा भाग खाटेजवळचा, म्हणून मला तो सर्वांत भक्कम वाटतो.

उद्दीपकांची, म्हणजे माणसाला प्रतिसाद द्यायला लावणाऱ्या गोष्टींची, विभागणी मात्र उसनी होती. समोरचा, भोवतालचा आणि मागे उरलेला, असे तीन उद्दीपक संवेदनांचा अभ्यास करणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञाकडून आले. अंधाऱ्या खोलीत डोळा आपोआप सरावतो, त्याची मर्जी कुणी विचारत नाही. ही छटा शब्दाला चिकटली आणि टीकाही तिच्यावरच झाली: नर्सने उद्दीपक बदलायचा, रुग्णाने प्रतिसाद द्यायचा, मग यात माणूस कुठे? आक्षेप रास्तच होता.

१९९०च्या दशकात मूळ लेखिकेनेच व्याख्या नव्याने लिहिली. विचार करणारी, भावना असलेली माणसं जाणीवपूर्वक, स्वतः निवड करून आपला आणि परिसराचा मेळ घालतात, असं त्यात आलं. ‘निवड’ या एका शब्दाने सगळा तोल बदलला. १९९९च्या आवृत्तीत कुटुंब आणि समूहही आले. माझ्यासमोर येणाऱ्या नोट्समध्ये मात्र अजून जुनीच, उद्दीपकाकडून प्रतिसादाकडे जाणाऱ्या बाणांची आकृती असते.

फरक खाटेपाशी दिसतो. पोटावरच्या स्टोमाची (मल-मूत्र बाहेर येण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेल्या छिद्राची) पिशवी बदलताना रुग्ण भिंतीकडे तोंड करतो. समोरचा उद्दीपक स्टोमा. भोवतालचा म्हणजे पडदा नसलेली खाट आणि उशाशी बसलेला मेहुणा. मागे उरलेली कदाचित विटाळाची जुनी धास्ती. पण त्याच्याशी बोलून खात्री होईपर्यंत तो आपला अंदाजच. समजा तो म्हणाला, ‘सिस्टर, आधी पडदा लावा, मग बघतो.’ जुन्या नजरेला हा हट्ट दिसतो आणि ‘पेशंट को-ऑपरेट करत नाही’ असा शेरा पडतो. नव्या व्याख्येनुसार त्याने घातलेली ही अट म्हणजेच अनुकूलन, आणि केसपेपरवर ती त्याच्याच शब्दांत उतरायला हवी.