महिला हँडबॉलची आंतरराष्ट्रीय पात्रता स्पर्धा: अर्ज कोण करतं, पात्र कोण, कागदपत्रं कोणती

महिला हँडबॉलच्या आंतरराष्ट्रीय पात्रता स्पर्धेसाठी खेळाडूला स्वतःहून अर्ज करता येत नाही. प्रवेशिका देशाचा राष्ट्रीय महासंघ भरतो, ती आशियाई हँडबॉल महासंघाकडे जाते आणि पात्रतेचे नियम आंतरराष्ट्रीय महासंघाचे लागतात. तरी खेळाडूच्या वाट्याला कागदाचं बरंच काम येतं, आणि ते निवड झाल्यावर हाती घेतलं तर फार उशीर झालेला असतो. जन्मदाखल्यातली चूक दोन-तीन आठवड्यांत दुरुस्त होत नाही. म्हणून आज जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या मुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे आत्ताच वाचावं असं मनापासून वाटतं.

कोणत्या स्पर्धेतून कुठे जाता येतं

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत २०२१ पासून ३२ महिला संघ खेळतात. आशियातल्या संघांना तिथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतून जावं लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये ती नवी दिल्लीत झाली. आठ संघ होते आणि पहिल्या चारांना पुढचं दार उघडं होतं. जपान, दक्षिण कोरिया, कझाकस्तान आणि इराण हे चार संघ २०२५ च्या जर्मनी-नेदरलँड्समधल्या जागतिक स्पर्धेला पात्र ठरले. यजमान असूनही भारत त्या चारांत आला नाही.

ऑलिंपिकचं गणित याहून अवघड, कारण तिथे १२ संघांनाच जागा असते. पॅरिससाठीची आशियाई पात्रता स्पर्धा ऑगस्ट २०२३ मध्ये हिरोशिमात झाली, त्यात भारतही होता. विजेता दक्षिण कोरिया थेट पॅरिसला गेला. दुसऱ्या आलेल्या जपानला एप्रिल २०२४ मधल्या जागतिक पात्रता फेरीत पुन्हा खेळावं लागलं. चार-चार संघांचे तीन गट, प्रत्येकातून दोन संघ पुढे, अशी ती फेरी असते. जपान तिथे अडकला.

आपल्या मुलींना सर्वांत जवळचा रस्ता ज्युनियर गटाचा आहे. मार्च २०२२ मध्ये कझाकस्तानात अल्माटीला भारताच्या मुलींनी आशियाई ज्युनियर सुवर्णपदक जिंकलं आणि स्लोव्हेनियातल्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत जागा मिळवली. हे यश आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे.

पात्रतेच्या अटी

पहिली अट नागरिकत्वाची. ज्या देशाकडून खेळायचं त्याचं नागरिकत्व हवं आणि ते पासपोर्टवरून सिद्ध व्हायला हवं. परदेशात वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलींनी हे नीट समजून घ्यावं: भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे. त्या कार्डावर भारताच्या संघात खेळता येत नाही.

दुसरी अट, आधी दुसऱ्या देशाकडून अधिकृत सामना खेळला असेल तर त्यानंतर किमान तीन वर्षं गेलेली असावीत. जागतिक, खंडीय आणि ऑलिंपिक स्पर्धा व त्यांच्या पात्रता फेऱ्या अधिकृत धरल्या जातात.

तिसरी अट वयाची, आणि जास्त घोळ इथेच होतो. मुख्य राष्ट्रीय संघासाठी वयाची कमाल मर्यादा नाही. ज्युनियर म्हणजे २० वर्षांखालील आणि यूथ म्हणजे १८ वर्षांखालील. जन्मतारीख १ जानेवारीच्या हिशेबाने बघतात. २०२२ च्या ज्युनियर स्पर्धेसाठी जन्म १ जानेवारी २००२ किंवा त्यानंतरचा हवा होता. थोडक्यात, जागतिक स्पर्धेच्या वर्षातून २० किंवा १८ वजा करायचे. शालेय आणि राज्य स्पर्धांच्या तारखा वेगळ्या असू शकतात, त्यामुळे त्यात बसणारी मुलगी आंतरराष्ट्रीय गटातही बसेलच असं धरून चालू नका. वयाबद्दल शंका आली तर वैद्यकीय चाचणी होते, हाडांच्या वाढीचा एक्स-रेही काढतात. पहिलीच्या प्रवेशावेळी कुणी 'सोयीची' तारीख लावली असेल तर ती पुढे मुलीच्या अंगाशी येते.

निवड होते कशी

जिल्हा संघटनेची निवड चाचणी, मग राज्य स्पर्धा, तिथून महाराष्ट्राचा संघ, राष्ट्रीय अजिंक्यपद, तिथल्या कामगिरीवर राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आणि शिबिरातून अंतिम संघ, असा क्रम आहे. प्रत्येक टप्प्याला नाव, जन्मतारीख आणि आधार यांची नोंद होते. ज्या संघटनेमार्फत खेळताय ती राज्य संघटनेशी आणि मान्यताप्राप्त राष्ट्रीय महासंघाशी जोडलेली आहे का, हे पहिल्याच वर्षी विचारा. विचारायला संकोच वाटू देऊ नका. मान्यता नसलेल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र पुढे कुठेच धरत नाहीत. आणि 'थेट भारतीय संघात घालतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर त्या माणसापासून मुलीला लांब ठेवा.

कागदपत्रं: मुख्य काम इथे आहे

जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि पासपोर्ट. या पाचांवर नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर सारखी हवी. आपल्याकडे एका कागदावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असतं, दुसऱ्यावर आडनाव आधी, तिसऱ्यावर वडिलांचं नाव गायब. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'व'साठी एकीकडे व्ही, दुसरीकडे डब्ल्यू. गावात ही बाब किरकोळ वाटते, व्हिसाच्या खिडकीवर तीच मोठी होते. आधी जन्मदाखला दुरुस्त करून घ्या, मग त्याच्या आधाराने बाकीचे कागद. नावच बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. ग्रामपंचायतीत जन्माची नोंदच नसेल आणि वर्षापेक्षा जास्त काळ गेला असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्याला वेळ जातो.

पासपोर्टसाठी राज्य संघात निवड होण्याची वाट बघू नका. १८ वर्षांखालील मुलीच्या अर्जाला आईवडील दोघांच्या सह्यांचं 'अॅनेक्स्चर डी' हे संमतीचं घोषणापत्र जोडावं लागतं. एकाच पालकाची संमती मिळत असेल तर 'अॅनेक्स्चर सी' असतं. एकट्या आईनं वाढवलेल्या मुलींच्या घरी हे ठाऊक नसतं आणि 'वडिलांची सही नाही' म्हणून विषय सोडून दिला जातो. तसं करू नका. अल्पवयीन मुलीचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचा असतो, पण १५ पूर्ण झालेल्यांना दहा वर्षांचा मागता येतो. हाती आल्यावर मुदतीची तारीख कुठेतरी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. प्रवासाच्या दिवशी किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी असं धरून चाला. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायलाच हवं, असं कायद्यात कुठेही नाही. खेळत असाल तर नाव तेच ठेवलेलं बरं, नाहीतर जुनी प्रमाणपत्रं आणि नवा पासपोर्ट यांचा मेळ बसवण्यात महिने जातात.

व्हिसाचे अर्ज बहुतेक वेळा महासंघ एकत्र करतो, पण बोटांचे ठसे द्यायला खेळाडूला स्वतः जावं लागतं. स्पर्धा युरोपातल्या शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर जाता येणाऱ्या देशांच्या गटात असेल तर परतीच्या तारखेपुढे तीन महिने पासपोर्टची मुदत, दोन कोरी पानं आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. अल्पवयीन असल्यास पालकांचं संमतीपत्र नोटरी करून सोबत ठेवा.

औषधं आणि वैद्यकीय तपासणी

मोठ्या स्पर्धांपूर्वी हृदयाच्या ईसीजीसह वैद्यकीय तपासणीचा अहवाल मागतात. उत्तेजकांबाबत एकच गोष्ट लक्षात ठेवा: शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूचीच. सर्दीच्या गोळीत, वजन वाढवण्याच्या पावडरीत, वैद्यांनी दिलेल्या चूर्णातही बंदी असलेला घटक असू शकतो. बंदीची यादी दरवर्षी १ जानेवारीला नवी लागू होते. नाडाच्या, म्हणजे देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या, 'नो युवर मेडिसिन' अॅपवर औषधाचं नाव टाकून बघता येतं. आजारामुळे बंदीतलंच औषध घेणं भाग असेल तर उपचारासाठीची सवलत, म्हणजे टीयूई, आधी मंजूर करून घ्यावी लागते. जुनी प्रिस्क्रिप्शन फाईलमध्ये राहू द्या.

स्पर्धेच्या ठिकाणी

पहिल्या सामन्याआधी तांत्रिक बैठक होते. तिथे मूळ पासपोर्ट तपासतात, झेरॉक्स चालत नाही. एका सामन्याला जास्तीत जास्त १६ खेळाडूंची नावं देता येतात. गोलरक्षकांच्या जर्सीचा रंग दोन्ही संघांच्या मैदानी खेळाडूंपेक्षा वेगळा हवा. नंबर १ ते ९९ मधला, पाठीवर किमान २० सेंटिमीटर उंचीचा. बांगड्या, घड्याळ, गळ्यातली साखळी चालत नाही, मंगळसूत्रही नाही. चमकी किंवा लहान कानातलं टेपनं झाकून चालू शकतं, पण काढून ठेवणंच बरं. आपल्याकडे लग्न झालेल्या खेळाडूंना याबद्दल घरच्यांशी बोलावं लागतं. नियमच तसा आहे, हे प्रशिक्षकांनी घरी जाऊन सांगितलं तर तिचं ओझं हलकं होतं.

परत आल्यावर

प्रवेशिकेची प्रत, निवडीचं पत्र, सहभागाचं प्रमाणपत्र, पासपोर्टवरचे शिक्के आणि संघाच्या यादीत आपलं नाव असलेला सामन्याचा कागद, हे सगळं त्याच आठवड्यात स्कॅन करून ठेवा. महाराष्ट्रात शासकीय नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून करून घ्यावी लागते, आणि तिथे नुसतं पदक दाखवून भागत नाही. स्पर्धा कोणती होती, ती कुणाच्या मान्यतेची होती आणि त्यात तुम्ही प्रत्यक्ष होता का, हे कागदावरूनच ठरतं. भरतीची जाहिरात निघण्याची वाट न बघता पडताळणीचा अर्ज आधीच देऊन ठेवा.