राष्ट्राध्यक्षांच्या सह्या लोकांच्या घरी गेल्या कशा?

वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफरसन, मॅडिसन, मन्रो. अमेरिकेच्या या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या सहीचे कागद दोनशे वर्षांनंतरही लिलावात येत असतात. एवढे कागद खासगी हातांत कसे गेले, याचं उत्तर बरंचसं तेव्हाच्या सरकारी कारभारातच आहे.

सरकारी जमीन कुणी विकत घेतली किंवा सैनिकाला बक्षीस मिळाली, की तिची सनद निघे. तिच्यावर राष्ट्राध्यक्ष स्वतः सही करत आणि ती मालकाच्या घरी जाई. जहाजांचंही तसंच. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या चाच्यांचा जाच टाळायला 1795 मध्ये अल्जियर्सशी तह झाला आणि अमेरिकी जहाजांना चर्मपत्रावरचे खास परवाने मिळू लागले. राष्ट्राध्यक्ष कोऱ्या परवान्यांवर आधीच सह्या करून ठेवत. जहाजाचं नाव, कप्तान, तोफा, खलाशी हा तपशील बंदरातला कस्टम अधिकारी भरी. या परवान्याची वरची कड नागमोडी कापलेली दिसते. कापलेला भाग पलीकडच्या किनाऱ्यावर पोचता केलेला असे. समुद्रात जहाज अडवलं की दोन्ही कडा जुळवून पाहायच्या, म्हणजे इंग्रजी न येणाऱ्यालाही खरा परवाना ओळखता येई. मला तर सहीइतकीच ती कडही मोलाची वाटते.

वॉशिंग्टन यांच्या पत्रांची पांगापांग मात्र सह्या जमवण्याच्या छंदापायी झाली. 1815 च्या सुमारास विल्यम स्प्रेग हा तरुण त्यांच्या भाच्याच्या घरी मुलांना शिकवायला होता. कागदपत्रं होती पुतण्या बुशरॉड यांच्याकडे. जागेवर नक्कल ठेवायची, एवढ्या अटीवर त्यांनी मूळ पत्रं न्यायची मुभा दिली आणि स्प्रेगने सुमारे दीड हजार पत्रं नेली! पुढे या कागदपत्रांचे संपादक जॅरेड स्पार्क्स यांनी तर कहर केला. वॉशिंग्टन यांच्या हस्ताक्षरातला, पण प्रत्यक्षात कधीच न वाचलेला, पहिल्या शपथविधीच्या भाषणाचा लांबलचक मसुदा त्यांनी कापून संग्राहकांना तुकड्या-तुकड्यांनी वाटून टाकला. अभ्यासकांनी काही तुकडे शोधून जुळवले आहेत, पण सबंध मसुदा आज कुणालाच वाचता येत नाही. हे नुकसान भरून येणारं नाही. उरलेली बरीच कागदपत्रं सरकारने 1834 आणि 1849 मध्ये विकत घेतली, म्हणून वाचली.

मागणी वाढली तसे बनावट कागदही आले. रॉबर्ट स्प्रिंग जुन्या पुस्तकांतली कोरी पानं काढून त्यांवर वॉशिंग्टन यांचे पास आणि चेक तयार करी.

पुढचे एक राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात जमिनीच्या सनदांचा ढीग एवढा साचला, की मार्च 1833 च्या कायद्याने ती सही सचिवाकडे सोपवली. त्यानंतरच्या सनदेवर राष्ट्राध्यक्षाचं नाव दिसतं, पण खाली सही सचिवाची असते. त्यामुळे 1841 मध्ये अवघे 31 दिवस पदावर राहून वारलेल्या विल्यम हेन्री हॅरिसन यांची सही सनदांवरही मिळत नाही. राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी सही केलेला कागद या सगळ्यांत दुर्मिळ मानतात.