अपक्वाहार आणि पोह्यांचा प्रश्न : इंदूरच्या मराठी घरांमागची पार्श्वभूमी

इंदूरच्या मराठी वस्त्यांत, जुन्या रामबागेपासून सुदामा नगर आणि राजेंद्र नगरापर्यंत, घरातल्या सगळ्यांनीच अपक्वाहार, म्हणजे न शिजवलेले अन्नच, घ्यायचा असे ठरवणारी कुटुंबे फार नाहीत. पण जिथे ते ठरले आहे तिथल्या ताटात साधारण सारखेच पदार्थ दिसतात. सकाळी कोहळ्याचा रस (मंडईत तो ‘पेठा’ म्हणून मागावा लागतो) आणि ऋतूतले फळ, दुपारी मोड आलेले मूग किंवा मटकी, काकडी, गाजर, मुळा यांची फोडणी नसलेली कोशिंबीर, ओले खोबरे आणि भिजवलेले शेंगदाणे, तर संध्याकाळी केळी, खजूर आणि बहुतेक घरांत दडपे पोहे. यांपैकी शेवटच्या पदार्थावर या मंडळींत एकमत नाही. इंदूरसारख्या, पोह्यांवर दिवस सुरू करणाऱ्या शहरात ही तक्रार किरकोळ वाटेल. परंतु अपक्व कशाला म्हणावे, हा सगळा वाद त्या एका पदार्थात एकवटला आहे.

मराठी जेवणाला कच्चे अन्न नवे नाही. पानाच्या डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, पचडी आणि लिंबाची फोड असते, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबाडाळ भिजवून वाटली जाते आणि ओटीत भिजवलेले हरभरे पडतात. मात्र हे सारे उजव्या बाजूच्या भाजीला आणि मधल्या भाताला जोड म्हणून होते. पोट त्यावर भरावे अशी अपेक्षा कोणीच केली नव्हती, आणि आयुर्वेदाचा कलही एकंदरीत शिजवलेल्या, पचायला हलक्या अन्नाकडेच राहिला.

संपूर्ण जेवण अग्नीवाचून घेण्याची कल्पना आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जर्मन निसर्गोपचाराच्या ग्रंथांबरोबर आणि लंडनच्या शाकाहारी मंडळींच्या संगतीने आली. गांधीजींनी ऑगस्ट १८९३ मध्ये प्रिटोरियात पहिला प्रयोग केला आणि अशक्तपणामुळे दोन आठवड्यांच्या आत सोडून दिला. दुसरा प्रयोग १९२९ चा, आणि त्याच्याकडे अधिक बारकाईने पाहायला हवे, कारण त्यात वजनमापे नोंदलेली आहेत : मोड आलेले गहू आठ तोळे, बदामाचा लगदा आठ तोळे, वाटलेला पाला आठ तोळे, सहा लिंबे आणि थोडा मध. आठ तोळे म्हणजे सुमारे ९३ ग्रॅम. आठवड्यातून दोनतीनदा गव्हाऐवजी मोडाचे हरभरे घेतले जात. आश्रमातील आणखी काही जण त्यात सामील झाले होते. ऑगस्टमध्ये आमांशाने गाठल्यावर प्रयोग थांबला आणि बकरीचे दूध पुन्हा सुरू झाले. या माघारीचा उल्लेख आजचे अपक्वाहारी सहसा करत नाहीत, आणि प्रयोग झाला एवढेच सांगून थांबतात. पुढे १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचाराचा आश्रम निघाला. तिथून पुढच्या दशकांत अपक्वाहाराला जे रूप आले ते उपचाराचे होते : उपवास, मग रस, मग कच्चे अन्न, आणि प्रकृती सुधारली की बेताचे शिजवलेले जेवण. काही दिवसांसाठी, कोणाच्या तरी देखरेखीखाली. याच टप्प्यातील विवेक पुढे हरवला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कारण त्यानंतर जे आले ते तपमानाचे होते. अन्न ११८ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४८ अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यातील विकरे (एन्झाइम) नष्ट होतात आणि अन्न ‘मृत’ होते, हा अमेरिकेतून आलेला नियम गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडेही रुळला. काही जण तो ४२ वर आणतात. वनस्पतीतली विकरे जठरातील आम्लात तशीही बहुतांशी मोडतात, हे या नियमाला विचारात घ्यावेसे वाटलेले नाही. माळव्यातल्या मे महिन्यात हवेचेच तपमान ४२ च्या पुढे जाते आणि गच्चीवरच्या पत्र्याला हात लावता येत नाही. त्यावर वाळवलेली आंबोशी कच्ची की पक्की, हे या नियमाने कोणी ठरवून दाखवावे.

पोह्यांचा वाद इथेच उभा राहतो. पोहे तयार होतात ते असे : साळ गरम पाण्यात भिजवतात, निथळतात, तापलेल्या वाळूत किंवा भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच यंत्राखाली चपटी करतात. म्हणजे उज्जैनच्या गिरणीतून पोते निघते तेव्हा त्या दाण्याने दोनदा आच सोसलेली असते. घरी मात्र दडपे पोह्यांना आच लागत नाही. नारळाच्या पाण्यात किंवा काकडीच्या सुटलेल्या रसात ते दडपून ठेवले की मऊ होतात. एका पक्षाचे म्हणणे असे की अपक्वाहाराचा अर्थ स्वयंपाकघरातली शेगडी न पेटवणे इतकाच आहे, म्हणून पोहे चालतात. दुसऱ्या पक्षाला दाण्याचा पूर्वेतिहास हवा असतो, आणि त्या हिशेबाने पोह्यांबरोबर गूळ जातो (उसाचा रस कढईत आटवलेला असतो), साबुदाणा जातो, भाजलेले दाणे जातात, तापवलेल्या दुधाचे दही जाते आणि शेव तर जातेच. इंदूरच्या माणसाला शेवेवाचून पोहे देणे हीच मुळात मोठी सवलत आहे, पण तो मुद्दा बाजूला ठेवू.

दुसऱ्या पक्षाचा तर्क सुसंगत आहे, आणि तरीही तो गैरसोयीची गोष्ट टाळतो. पोहे पाण्याने मऊ होतात आणि पचतात, ते गिरणीत त्यांतले पिष्ट (स्टार्च) उष्णतेने आधीच फुलले असल्यामुळे. साधे तांदूळ रात्रभर भिजवूनही त्यांचे दडपे पोहे होत नाहीत. अग्नी घरातून गेला, तो गिरणीत आहे, हे मान्य केले तर पोहे ताटात ठेवण्यात अप्रामाणिकपणा उरत नाही. या आहाराच्या यूरोपीय मुळातही हेच दिसते. झ्युरिकच्या ज्या डॉक्टरने १९०० च्या सुमारास भिजवलेले ओट, किसलेले सफरचंद, लिंबू आणि सुका मेवा यांची न्याहारी रुग्णांना दिली, त्याच्या पाककृतीत आटवलेले दूध होते, आणि चपटे ओटही आमच्या पोह्यांसारखेच आधी आच देऊन, म्हणजे वाफवून, दाबलेले असतात.

घरात वाढती मुले असतील तर हा वाद नुसत्या तत्त्वाचा राहत नाही. शंभर ग्रॅम काकडीत सुमारे १५ किलोकॅलरी असतात, तेवढ्याच पोह्यांत ३५० च्या आसपास. पोहे काढले तर ती तूट नारळ, दाणे आणि केळ्यांनी भरावी लागते आणि लहान पोटात तेवढी जागा नसते. दीर्घकाळ कच्चे खाणाऱ्या पाचशेहून अधिक प्रौढांचा जर्मनीत अभ्यास झाला आणि तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचे वजन सरासरी ९.९ किलोने, स्त्रियांचे १२ किलोने घटलेले होते आणि ४५ वर्षांखालील सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. वजन घटल्याचा आकडा सर्वत्र फिरतो, पाळीचा फिरत नाही. दूध-दही सोडलेल्या घरांत बी-१२ बाहेरून घेण्यावाचून गत्यंतर नसते, आणि हे जीवनसत्त्व मोडांतून मिळते हा समज चुकीचा आहे.

मधल्या काळात रसांची लाट आली तेव्हा दुधीच्या रसानेही एक धडा दिला. कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाल्यानंतर २०११ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने कडू लागणारा रस मुळीच पिऊ नये, अशी स्पष्ट सूचना केली. म्हणून फोड चाखून मगच किसणे, ही आपल्या आज्यांची सवय आता रस काढणाऱ्या घरांतही परतली आहे. राजम्याचे मोड कच्चे खाणे विषारी ठरते, आणि थंडीत इंदूरच्या सराफा बाजारात तळून मिळणारा गराडू हा कंद न शिजवता खाण्याजोगा नसतो, म्हणून ही दोन्ही नावे यादीतून कायमची वगळली जातात.

मोडांविषयीची भीती त्याच वर्षीची आहे. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या जिवाणूने पन्नासहून अधिक बळी घेतले. मोड येण्यासाठी लागणारा ओलावा आणि ऊब जिवाणूंनाही तितकीच मानवते, आणि इंदूरच्या दमट श्रावणात ती आयतीच मिळते. नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या पालेभाजीचा धोका पावसाळ्यात वाढतो तो वेगळाच. त्यामुळे बरीचशी अपक्वाहारी घरे आषाढापासून आश्विनापर्यंत पाला बंद ठेवतात आणि मूग-मटकीला उकळत्या पाण्यातून काढतात. ४८ अंशांचा नियम मानणारेही या चार महिन्यांत तो फारसा बोलून दाखवत नाहीत.