ठगपट

ठकबाजी हाच गुन्हा आणि ठकबाजी हेच सूडाचे हत्यार असलेला हिंदी गुन्हेपटाचा एक प्रकार. साध्या सूडपटात नायक बंदूक उचलतो. इथे तो खोटे ऑफिस थाटतो.

'ठग' हा शब्द पडद्यावर येईपर्यंत बराच मवाळ झाला होता. एकोणिसाव्या शतकातले ठग वाटसरूंमध्ये सोबती म्हणून मिसळत, विश्वास कमावत आणि मग रुमालाने गळा आवळत. १८३० च्या दशकात त्यांच्याविरुद्ध मोहीम चालवणारे ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमन यांचे ठाणे जबलपूर, म्हणजे नागपूरहून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यावरचेच. सिनेमातल्या ठगाने रुमाल टाकून दिला, आधी सोबती होण्याची रीत तेवढी ठेवली. त्याला 'चारसोबीस' हे नाव भारतीय दंड संहितेच्या ४२० कलमाने दिले. १ जुलै २०२४ पासून तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात गेला, पण 'तीनसो अठरा' म्हणून कुणी कुणाला शिवी देत नाही.

कथेचा साचा ठरलेला. दोन भुरटे ठग नको त्या बड्या माणसाची रक्कम लांबवतात आणि त्यापायी वयाने मोठा जोडीदार जिवाला मुकतो. उरलेला धाकटा एखाद्या निवृत्त उस्तादाला गाठतो. सावज हेरायचे ते श्रीमंतीवरून नव्हे, त्याच्या नादावरून. मग भाड्याच्या खोलीत फोन, फायली, शिक्के, चहा आणणारा पोऱ्या, सगळे उभे राहते आणि सगळे खोटे असते. सावजाला आधी थोडे जिंकू देतात. शेवटी ते स्वतःच्या पायाने चालत येऊन, स्वतःच्या सहीने पैसे देऊन जाते. सौदाच काळा असल्याने पोलिसांत जायची सोय नसते. टोपी घातली गेली हे पुष्कळदा त्याला कळतही नाही, आणि अशा सूडाची खरी गंमत तीच.

हा साचा १९७३ च्या 'द स्टिंग' या अमेरिकन चित्रपटाने पक्का केला. कुणाल देशमुख यांचा 'राजा नटवरलाल' (२०१४) त्याच वाटेने जातो: इम्रान हाश्मी धाकटा ठग, परेश रावल उस्ताद, आणि के. के. मेनन केपटाउनमधला क्रिकेटवेडा खलनायक. त्याला बनावट व्यवहारात क्रिकेटचा संघ विकण्याचा घाट घातला जातो. कल्पना फक्कड आहे. प्रेमप्रकरण मधेमधे तिचा वेग खाते. रोहन सिप्पी यांच्या 'ब्लफमास्टर'मध्ये (२००५) रितेश देशमुख आणि नाना पाटेकर आहेत, आणि तिथे सावज ठरतो तो खुद्द ठगनायक. राज कपूर यांच्या 'श्री ४२०'मध्ये (१९५५) शंभर रुपयांत घर देण्याची योजना होती. जमिनीच्या जाहिराती वाचणाऱ्यांना ती आजही जुनी वाटणार नाही.

ठगपटांचा एक प्रेक्षक नागपूरचा. हिंदी सिनेमाच्या सी.पी. बेरार (जुना मध्य प्रांत व वऱ्हाड) या वितरण क्षेत्रातले हे मोठे शहर. प्रांताचे ते नाव १९५० मध्येच गेले, १९५६ मध्ये नागपूरचे राजधानीपणही गेले, पण सिनेमाच्या वहीखात्यात विदर्भ आणि छत्तीसगड एकाच पानावर राहिले. वितरकांच्या पेढ्या मात्र अमरावती आणि भुसावळला. नागपुरातल्या सीताबर्डीवरचा व्हरायटी चौक एका टॉकीजचेच नाव लावतो. घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी बोलणाऱ्या या शहराला ठगांचे संवाद समजावून सांगावे लागत नाहीत.

या चित्रपटांतली सर्वांत जुनी हातचलाखी म्हणजे मेल्याचे सोंग. 'श्री ४२०' आणि 'द स्टिंग', दोहोंच्या शेवटी ती आहे. गोळी सुटते, सदऱ्यावर लाल डाग पसरतो, पार्श्वसंगीत थांबते. मल्टिप्लेक्समध्ये अशा वेळी शांतता असते. नागपूरच्या टॉकीजमध्ये पहिला शो पाहून पुन्हा आलेला कुणीतरी मागच्या रांगेतून शेजाऱ्याला सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगे, "पाय बे (म्हणजे पाहा रे), मरत नाही तो!"