ताठरता कमी झाली म्हणजे सुख संपलं, हे गणित आलं कुठून? (पार्श्वभूमी)

वय वाढलं, शुगर आली, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, डिप्रेशनची गोळी सुरू झाली की लिंगाची ताठरता बदलते हे आता बहुतेकांना माहीत असतं, ते परत सांगत बसत नाही. प्रश्न असा आहे की ताठरता गेली म्हणजे पुरुषाचं लैंगिक सुखच गेलं असं आपण सगळे का धरून चालतो, कारण शरीर तसं चालत नाही. लिंगात रक्त भरायचा निरोप मणक्याच्या अगदी खालच्या भागातून येतो, त्वचेवरचा स्पर्श वेगळ्याच नसेने वर जातो आणि वीर्य बाहेर टाकायचं काम कंबरेच्या वरच्या बाजूने निघणाऱ्या नसा सांभाळतात. एक वाट बंद झाली म्हणून बाकीच्या बंद होतातच असं नाही. लिंग मऊ असतानाही ऑर्गॅझम (सुखाचा कळस) येऊ शकतो, प्रोस्टेट काढल्यावर वीर्य येत नाही पण ऑर्गॅझम बऱ्याच जणांना येतो, कोरडा असतो इतकंच.

जुना काळ पटकन उरकतो. १९२० च्या दशकात माकडाच्या वृषणाचे तुकडे माणसात बसवायचं फॅड होतं, १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत तयार झालं, आणि नंतर कितीतरी वर्षं डॉक्टर लोक म्हणत राहिले की हे सगळं मनातच आहे. या मनाच्या काळातली एक गोष्ट मात्र खरंच कामाची होती. १९७० मध्ये एका अमेरिकन संशोधक जोडीने उपचाराची जी पद्धत मांडली तिच्यात जोडप्याला सुरुवातीला संभोग चक्क बंद असायचा. आधी जननेंद्रियं सोडून अंगभर स्पर्श, मग हळूहळू पुढे, आणि ताठरता आली काय नाही आली काय, तिच्यावर लक्षच ठेवायचं नाही. पुरुष स्वतःच्याच सेक्सचा प्रेक्षक होऊन बसतो आणि तिथेच सगळं बिघडतं, हे त्यांचं निरीक्षण आजही पटतं.

मग विषय युरॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांच्या डॉक्टरांच्या हातात गेला. १९७३ मध्ये लिंगात बसवायचं, फुगवता येणारं इम्प्लांट आलं, १९८२ मध्ये लिंगात इंजेक्शन देऊन ताठरता आणता येते हे समजलं, आणि १९८३ मध्ये लास व्हेगासच्या एका परिषदेत एका ब्रिटिश संशोधकाने भाषणाआधी स्वतःलाच इंजेक्शन टोचून घेतलं आणि स्टेजवर पँट खाली करून भरसभेत पुरावा दाखवला (हो, खरंच). मुद्दा सिद्ध झाला, की मन बाजूला ठेवूनही रक्तवाहिन्या सैल करता येतात. १९९२ मध्ये तज्ज्ञांच्या बैठकीत नपुंसकत्व हा शब्द टाकून दिला गेला, ते बरंच झालं, पण नवी व्याख्या केली ती 'समाधानकारक लैंगिक कामगिरीसाठी पुरेशी' ताठरता न येणे अशी. कामगिरी! १९९४ मध्ये ४० ते ७० वयाच्या अमेरिकन पुरुषांच्या एका पाहणीतून ५२ टक्के पुरुषांना ताठरतेची तक्रार आहे असा आकडा आला आणि तो जगभर फिरला. त्यात अगदी सौम्य तक्रारवालेही धरले होते, ताठरता पूर्ण गेलेले साधारण १० टक्केच होते, पण हे कोण वाचतंय.

आता जिथे माझ्या मते खरा घोळ झाला तिथे येतो. ताठरतेच्या गोळीच्या, म्हणजे सिल्डेनाफिल उर्फ व्हायग्राच्या चाचण्या चालू होत्या (मुळात ती हृदयाच्या दुखण्यासाठी तपासली जात होती) आणि गोळी चालते हे मोजायचं कसं हा प्रश्न होता, कारण औषधाला मंजुरी देणाऱ्यांना मोजता येईल असा आकडा लागतो, त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही. त्यासाठी १५ प्रश्नांचा फॉर्म बनला, १९९७ मध्ये छापला गेला. फॉर्म तसा वाईट नव्हता, इच्छेवर दोन प्रश्न, वीर्यपतन-ऑर्गॅझमवर दोन, एकूण समाधानावर दोन. पण गोळीचं यश ठरवायला निवडले ते तिसरा आणि चौथा प्रश्न, म्हणजे किती वेळा आत जाऊ शकलात आणि गेल्यावर ताठरता किती वेळा टिकली. बस. आणि गेल्या चार आठवड्यांत संभोगाचा प्रयत्नच केला नसेल तर त्या प्रश्नांना शून्य. आता विचार करा, एक जोडपं हाताने, तोंडाने, अंगाला अंग लावून मजेत आहे, दोघांनाही ऑर्गॅझम येतोय, पण आत जायचा प्रयत्न त्यांनी सोडून दिलाय, तर या दोन प्रश्नांच्या हिशोबात तो पुरुष सगळ्यात गंभीर आजारी! शिवाय प्रश्न स्त्रीशी संभोग धरूनच लिहिलेले होते, पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांसाठी त्यात बदल करावे लागले.

मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत गोळीला मंजुरी मिळाली, आणि १९९९ मध्ये दवाखान्यात पटकन भरता यावा म्हणून फॉर्म १५ वरून ५ प्रश्नांवर आणला. काय कापलं? इच्छा आणि ऑर्गॅझम, दोन्ही. २५ पैकी २१ किंवा कमी मार्क मिळाले की तुम्हाला तक्रार आहे, आणि हाच छोटा फॉर्म जगभरच्या ओपीडीत पोचला. म्हणजे चाचणीच्या सोयीसाठी घेतलेला निर्णय हळूहळू पुरुषाच्या सुखाची व्याख्याच होऊन बसला. गंमत अशी की गोळी स्वतः तशी नाहीये, मनात इच्छा किंवा अंगाला स्पर्श नसेल तर ती काहीच करत नाही, कारण उत्तेजनेने नसांतून नायट्रिक ऑक्साइड (रक्तवाहिन्या सैल करायचा निरोप देणारा वायू) सुटलं तरच पुढची साखळी सुरू होते.

गोळीमुळे भलं झालं नाही असं नाही. लोक बोलायला लागले, आणि लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असल्याने तिथली अडचण हृदयविकाराच्या काही वर्षं आधी दिसू शकते हेही डॉक्टर गंभीरपणे बघू लागले. (छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी मात्र ही गोळी घ्यायचीच नसते.) पण गोळी ज्यांना लागू पडत नाही त्यांचं काय, हा प्रश्न आला तो मुख्यतः प्रोस्टेट कॅन्सरवाल्यांकडून. नसा वाचवणारं ऑपरेशन १९८० च्या दशकातच आलं होतं, तरी ताठरता परत यायला एक-दोन वर्षं लागतात आणि कित्येकांची पूर्ण येतच नाही. रोज रात्री गोळी दिली तर लवकर येईल असं वाटत होतं, पण याच जातीच्या दुसऱ्या एका गोळीच्या २००८ च्या मोठ्या चाचणीत, गरजेपुरती घेणाऱ्यांपेक्षा रोज घेणाऱ्यांना जास्त फायदा दिसला नाही. त्यामुळे ऑपरेशनच्या आधीच जोडप्याला एकत्र बसवून ऑर्गॅझम राहू शकतो, स्पर्शाला जास्त वेळ द्या, लिंगात रक्त ओढणारा पंप, इंजेक्शन, ल्युब (घर्षण कमी करणारं जेल) हे सगळं हाताशी ठेवा, असं सांगायची पद्धत काही ठिकाणी सुरू झाली, आणि त्यातला बराच भाग १९७० चाच आहे. तिथेही फाइलला तोच पाच प्रश्नांचा फॉर्म लावलेला असतो.